न फुगलेली भाकर : वल्हांडण सणातील अहंकारविचार

यहुदी धर्मातील वल्हांडण, म्हणजेच हिब्रू भाषेतील ‘पेसाह’, हा मिसर देशातील गुलामगिरीतून झालेल्या सुटकेचा सण म्हणून ओळखला जातो आणि ती ओळख यथार्थ आहे. परंतु या सणाचा आचारधर्म बारकाईने पाहिला, तर विजयोत्सवात एरवी हमखास आढळणाऱ्या गोष्टींना, म्हणजे नायकाचा जयजयकार, पूर्वजांची थोरवी, शत्रूच्या पराभवाचा उन्माद यांना, त्यात फारच थोडी जागा दिलेली दिसते. सारा कटाक्ष घरातील पीठ फुगणार नाही, यावर ठेवलेला असतो. जो समाज नुकताच ताठ मानेने उभा राहिला, त्याने स्वातंत्र्याच्या पहिल्याच सणात स्वतःच्या अन्नातील फुगवटा का काढून टाकावा, हा प्रश्न केवळ पाकशास्त्राचा राहत नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावर माणसात शिरणारा अहंकार कोणता, त्याला आवर कसा घालावा आणि नम्रता म्हणजे नेमके काय, या तीन प्रश्नांची एक सुसंगत मांडणी या सणाच्या विधींत दडलेली आहे.

वल्हांडण यहुदी पंचांगातील निसान महिन्याच्या पंधराव्या तिथीला, साधारणपणे मार्च-एप्रिलमध्ये सुरू होतो. इस्राएलमध्ये तो सात दिवस आणि अन्यत्र परंपरेने आठ दिवस पाळला जातो. या काळात ‘हामेत्स’ खाणे तर वर्ज्य असतेच, पण ते घरात बाळगण्यासही मनाई असते. हामेत्स म्हणजे गहू, सातू आदी पाच विशिष्ट धान्यांपासून बनलेला आणि पाण्याच्या संपर्काने आंबलेला पदार्थ. त्याऐवजी ‘मात्सा’ खाल्ली जाते. मराठी बायबलने तिच्यासाठी ‘बेखमीर भाकर’ हा शब्द रूढ केला आहे. पिठात पाणी पडल्यापासून भाजणी सुरू होईपर्यंत ते अठरा मिनिटांहून अधिक काळ नुसते पडून राहता कामा नये, असा दंडक धर्मशास्त्रकारांनी घालून दिला आहे. बायबलातील निर्गम या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात या भाकरीचे कारण घाईचे सांगितले आहे: मिसरातून निघताना पीठ आंबायला वेळ मिळाला नाही. अनुवादाच्या ग्रंथात मात्र याच भाकरीला दुःखाची, हलाखीची भाकर म्हटले आहे. एकच भाकर गुलामीची आठवण आणि सुटकेची खूण अशी दोन्ही ठरते, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

महाराष्ट्राला हा सण परका नाही. कोकणात, विशेषतः आजच्या रायगड जिल्ह्यात, शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्रायल समाजाची मातृभाषा मराठी आहे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या व त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. तेलाचा घाणा चालवणारे आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रामदिन, पाळून त्या दिवशी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले. धर्मग्रंथांशी संबंध तुटलेल्या दीर्घ काळातही या समाजाने काही सण आपल्या बोलीतील नावांनी जपले: योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, ‘दारफाळणीचा सण’ म्हणून, तर वल्हांडण ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणून. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी 1897 मध्ये लिहून पूर्ण केलेल्या आणि 1937 मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या बेने इस्रायलांच्या इतिहासात या नावांची नोंद आहे. ‘अनास’ म्हणजे आंबट कालवण ठेवण्याचे भांडे. सणाच्या दिवसांत ते झाकून बंद ठेवले जाई. तांदळाच्या भाकरीवर आणि भातावर जगणाऱ्या कोकणी घरात खमीर घातलेला पाव नव्हताच; आंबण्याची क्रिया डोळ्यांना दिसे ती याच भांड्यात. ते आंबट शास्त्राच्या काटेकोर व्याख्येत हामेत्स ठरते की नाही, हा निराळा प्रश्न आहे. विधीचे शब्द विस्मरणात गेल्यावरही ‘या दिवसांत आंबणारे झाकायचे’ एवढे मर्म एका भांड्याच्या झाकणात टिकून राहिले, हे लक्षणीय आहे.

खमिराचा अहंकाराशी जोडलेला संबंध प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रिया येथे होऊन गेलेल्या फायलो या यहुदी तत्त्वज्ञाने वेदीवर खमीर अर्पण करण्यास असलेल्या मनाईचा अर्थ लावताना असे प्रतिपादन केले, की खमीर पिठाला वर उचलते आणि देवापुढे येणाऱ्याने गर्वाने तसे वर उचललेले असू नये. बाबिलोनी तलमुदातील ‘बराखोत’ या प्रबंधात रब्बी अलेक्झांद्री यांची एक प्रार्थना दिली आहे. (तलमुद म्हणजे धर्मनियमांवरील रब्बींच्या, अर्थात धर्मपंडितांच्या, वादचर्चांचा विशाल संग्रह.) तिचा आशय असा, की ईश्वराच्या इच्छेप्रमाणे वागावे असे माणसाला मनापासून वाटते, पण पिठातील खमीर आणि परक्या राज्यांची सत्ता या दोन गोष्टी त्याच्या आड येतात. येथे बाहेरचा जुलूम आणि आतील खमीर यांना एकाच पंक्तीत बसवले आहे. फारोच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, तावडीतून सुटका झाली म्हणजे अर्धेच काम झाले. उरलेला फारो घरातील पिठात आहे, असा वल्हांडणाचा रोख या प्रार्थनेतून उलगडतो.

तथापि, फुगलेले पीठ म्हणजे गर्व आणि सपाट भाकर म्हणजे नम्रता, एवढ्यावर विचार थांबला तर तो सुभाषिताच्या पलीकडे जात नाही. त्याला तात्त्विक खोली येते ती तलमुदातील ‘पेसाहिम’ प्रबंधात आलेल्या एका नियमाने. ज्या धान्याचे हामेत्स होऊ शकते, त्याच धान्याची मात्सा चालते. तांदूळ किंवा बाजरीवर्गीय धान्ये भिजून राहिली तर ती रब्बींच्या मते नासतात, त्यांना खरे खमीर येत नाही, म्हणून त्यांची भाकर कितीही सपाट असली तरी विधीची मात्सा ठरत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील मारेगावसारख्या कापूस-ज्वारीच्या मुलखात या नियमाचे मर्म चटकन ध्यानात येईल. तेथील घरात ज्वारीचे पीठ परातीत पाण्याने मळून, हाताने थापून तव्यावर टाकले जाते. तिच्यात खमीर नसते, ती पावासारखी फुगत नाही आणि गरिबाचे अन्न म्हणूनही तिची ओळख आहे. तरीही या शास्त्रानुसार ती मात्सा नव्हे, कारण तिला पावासारखे फुगणे मुळात शक्यच नसते. गव्हाचे पीठ मात्र फुगू शकते, थोडा वेळ मिळाला तर फुगतेच, आणि करणाऱ्याच्या सावधपणामुळेच ते सपाट राहते.

यातून निघणारा सिद्धांत असा: ज्याच्यापाशी फुगण्यासारखे काही नाही, त्याचे न फुगणे ही परिस्थिती असते; सद्गुण ठरते ते सामर्थ्य असूनही आवरलेले पीठ. नम्रतेचा प्रश्न विद्वानापुढे, धनवानापुढे, अधिकाऱ्यापुढे आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या माणसापुढे उभा राहतो. ज्याला मान वर करण्याची मुभाच नाही, त्याच्या खाली घातलेल्या मानेला नम्रता म्हणणे ही त्याची चेष्टा होय. मात्सा आणि हामेत्स यांचे धान्य एक, पाणी एक, भट्टी एक. फरक पडतो तो पीठ न हाताळता राहून गेलेल्या अवधीत. अहंकार हा माणसात बाहेरून शिरणारा वेगळा पदार्थ नसून, त्याच्याच गुणांकडे लक्ष न राहिल्याने त्या गुणांना येणारी अवस्था आहे, असे या विधीचे निदान आहे.

या निदानाला धरूनच सणापूर्वीची झडती असते. तेराव्या तिथीचा दिवस मावळल्यावर मेणबत्तीच्या उजेडात घराचा कोपरान्‌कोपरा, कपाटे, फडताळे, खिसे तपासून हामेत्सचे कण शोधले जातात. पुष्कळ ठिकाणी ते पिसाने लाकडी चमच्यात गोळा करतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाळून टाकतात. लख्ख उजेडाऐवजी एका ज्योतीने घर तपासण्यामागे व्यावहारिक कारण आहे, कारण मेणबत्ती फटीत आणि सांदीत नेता येते. अहंकाराचे कणही बैठकीच्या खोलीत सापडत नाहीत. ते सेवेच्या, दानाच्या, विद्वत्तेच्या आणि क्वचित नम्रतेच्याही सांदीत पडलेले असतात. पण या विधीतील सर्वांत मार्मिक भाग शोध संपल्यानंतर येतो. घर झाडून-पुसून स्वच्छ केल्यावर यजमान एक ठराविक अरामी वचन उच्चारतो, ज्याचा आशय असा, की जे हामेत्स आपल्याला दिसले आणि जे दिसले नाही, जे आपण काढले आणि जे काढू शकलो नाही, ते सारे मातीच्या धुळीसारखे स्वामित्वहीन होवो. आपला शोध अपुरा असू शकतो ही कबुली विधीतच गोवून ठेवल्यामुळे ‘माझे घर सर्वांत सोवळे’ हा नवा फुगवटा धरण्यास जागा उरत नाही. उपवासाचा, सोवळ्याचा किंवा साधेपणाचा अभिमान कसा वाढतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या एका वचनाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

पिठावर जो संस्कार होतो, तोच कथेवरही होतो. पहिल्या रात्री ‘सेदेर’ नावाचे विधियुक्त भोजन असते आणि त्या वेळी ‘हग्गादा’, म्हणजे सुटकेची कथा सांगणारी पोथी, वाचली जाते. बेने इस्रायलांसाठी मराठी भाषांतरासह हग्गादा 1846 मध्ये मुंबईत निघाली, आणि 1874 मध्ये पुण्यात छापलेल्या हग्गादेत तर साड्या नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करण्यात गुंतल्याचे चित्र आहे. हिब्रू ओळींच्या शेजारी देवनागरी ओळी आणि त्यांच्या जोडीला दख्खनी घरातील पेहरावातली माणसे, असे ते पुस्तक आहे. या पोथीत मिसरातून लोकांना बाहेर काढणारा मोशे जवळजवळ अनुपस्थित आहे. प्रचलित पाठात त्याचे नाव एका उद्धृत वचनाच्या ओघात केवळ एकदा येते. ज्याच्याविषयी गणना ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात पृथ्वीवरील सर्व माणसांहून तो अधिक नम्र होता असे म्हटले आहे, त्याला त्याच्याच पराक्रमाच्या कथेत मागे ठेवण्यात आले आहे, आणि श्रेय ईश्वराकडे गेले आहे.

शिवाय कथा कोठून सुरू करावी याविषयी मिश्ना या तिसऱ्या शतकाच्या आरंभी सिद्ध झालेल्या संहितेचा नियम असा, की आरंभ हीनतेने करावा आणि शेवट स्तुतीने. हीनता कोणती, यावर तलमुदात दोन मते आहेत: एका मते पूर्वज मूर्तिपूजक होते ती, दुसऱ्या मते ते फारोचे गुलाम होते ती, आणि प्रचलित हग्गादा दोन्ही सांगते. स्वतःच्या कुळाची कथा सांगताना आधी त्यातील उणे सांगण्याची ही शिस्त, वंशावळींना थेट देवादिकांपर्यंत नेऊन भिडवण्याच्या सार्वत्रिक हौसेच्या नेमकी उलट दिशेला जाते. हग्गादेचा गाभा असलेला उतारा अनुवाद ग्रंथाच्या सव्विसाव्या अध्यायातून घेतला आहे, आणि तो मुळात शेतकऱ्याने म्हणायचा आहे: पहिल्या पिकाची टोपली याजकापुढे ठेवताना त्याने आपला पूर्वज भटका होता, नंतर आपण गुलाम होतो, हे आपल्या तोंडाने सांगावयाचे. पीक हाती येण्याचा क्षण हाच ‘हे माझ्या हातांनी केले’ असे वाटण्याचा क्षण असतो; नेमक्या त्याच क्षणी ही आठवण उच्चारायला लावली आहे.

शत्रूच्या बाबतीतही आवर सुटत नाही. पुष्कळ यहुदी घरांत सुटकेआधी मिसरावर आलेल्या दहा आपत्तींची नावे घेताना प्रत्येक नावागणिक पेल्यातील द्राक्षरसाचा एक थेंब बाहेर काढतात. दुसऱ्याच्या दुःखाने आपला आनंदाचा पेला तेवढा रिता व्हावा, असा त्याचा रूढ अर्थ आहे. सणाच्या सुरुवातीच्या दिवसांनंतर स्तुतिस्तोत्रांचा ‘हल्लेल’ नावाचा संच पूर्ण म्हटला जात नाही. त्याचे मिद्राशमध्ये, म्हणजे रब्बींच्या कथात्मक भाष्यपरंपरेत, दिलेले एक कारण असे, की सुटून जाणाऱ्यांचा पाठलाग करताना समुद्रात बुडालेले मिसरी सैनिकही ईश्वराचीच निर्मिती होती.

यावरून वल्हांडण माणसाला मान खाली घालायला शिकवतो असे कोणी म्हणेल, तर ते चुकीचे ठरेल. सेदेरच्या वेळी डाव्या कुशीवर रेलून बसण्याचा नियम आहे. प्राचीन काळी असे रेलून जेवणे हे स्वतंत्र माणसाचे लक्षण होते आणि दरिद्री माणसानेही त्या रात्री तसेच बसावे असे मिश्ना सांगते. हलाखीची भाकर स्वतंत्र माणसाच्या ऐटीत खायची, या जोडणीत नम्रतेची व्याख्या सामावली आहे. मोशे नम्र होता म्हणून फारोपुढे गप्प बसला नाही. स्वतःसाठी काही मागायचे नसल्यामुळेच त्याला निर्भयपणे बोलता आले.

मात्र अहंकाराची थोडीही मात्रा आवश्यक आहे की नाही, यावर रब्बींचे एकमत नाही. तलमुदाच्या ‘सोटा’ प्रबंधात ‘रव’ याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या रब्बींचे मत असे, की विद्वानापाशी अष्टमांशाचा अष्टमांश, म्हणजे चौसष्टावा हिस्सा, अभिमान असावा. तेवढा अभिमान त्याला कणसावरील कुसळासारखा शोभून दिसतो, अशी पुस्ती रव यहोशुआ यांचे पुत्र रव हुना यांनी जोडली. ज्याच्यापाशी अभिमान आहे तो बहिष्काराला पात्र आणि ज्याच्यापाशी तो अजिबात नाही तोही बहिष्काराला पात्र, असे रावा म्हणतो. तर रव नहमान बार यित्झहाक यांना त्याचा कणही मान्य नाही. बाराव्या शतकातील थोर धर्मशास्त्रकार मोशे बेन मैमोन ऊर्फ मायमोनिडीस यांनी बहुतेक गुणांत मध्यम मार्ग सांगितला, पण गर्व आणि क्रोध या दोहोंच्या बाबतीत मध्य सोडून विरुद्ध टोकाला जावे असा निर्णय दिला. कुसळ दाण्याचे रक्षण करते, पण ते खाण्यासाठी नसते. हा वाद या एका दृष्टीने वाचला तर दोन्ही पक्षांचे म्हणणे समजू शकते.

या वादाचे एक उत्तर पंचांगातच आहे. वल्हांडणाच्या दुसऱ्या दिवसापासून एकोणपन्नास दिवस मोजले जातात आणि पन्नासाव्या दिवशी ‘शावुओत’ हा, तोराच्या म्हणजे ईश्वरी शिकवणीच्या प्राप्तीशी जोडलेला, सण येतो. यरुशलेमचे मंदिर उभे असताना त्या दिवशी दोन गव्हाच्या भाकरी अर्पण केल्या जात, आणि लेवीय ग्रंथाच्या आज्ञेनुसार त्या खमीर घातलेल्या असत. सात आठवड्यांपूर्वी जे घरात ठेवणेही वर्ज्य होते, तेच आता मंदिरात आणायचे. खमीर मुळातच पापरूप असते, तर हे शक्य झाले नसते. कर्तृत्व, महत्त्वाकांक्षा, स्वत्व यांना कायमचे हद्दपार करण्याऐवजी त्यांच्यावाचून काही दिवस जगून पाहावे, दिवस मोजत स्वतःला वळण लावावे आणि मग तेच स्वत्व अर्पणाच्या टोपलीत ठेवावे, असा हा क्रम आहे.

मराठी वाचकाला येथे ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय आठवणे स्वाभाविक आहे. ज्ञानाची लक्षणे सांगताना गीतेने ‘अमानित्व’ पहिले ठेवले आणि ज्ञानेश्वरांनी त्याचा विस्तार करताना असा पुरुष रंगवला, की जो मोठा ज्ञानी असूनही ते ज्ञान वेडेपणाखाली झाकतो आणि लोकांनी मान दिला तर अवघडून जातो. सामर्थ्य असून ते आवरण्याची कल्पना दोन्हीकडे समान आहे. भेद असा, की तेथे अमानी पुरुषाला लोकांच्या नजरेआड व्हावेसे वाटते, तर वल्हांडणात नम्र माणसाला यजमान म्हणून सर्वांसमोर बसावे लागते. या दोन परंपरांचा संवाद केवळ कल्पनेतला नाही. 1880 च्या सुमारास बेने इस्रायलांनी मुंबईत कीर्तनाचा प्रकार स्वीकारला आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी पद्यांतून रंगू लागली.

तरीही ज्या समाजाने हे सारे जपले, त्याच्याही अंगणात खमीर होतेच. बेने इस्रायलांत ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन थर होते. आपण जहाजफुटीतून वाचलेल्यांचे शुद्ध वंशज आणि काळे मिश्र विवाहांतून झालेले, असे मानणारे गोरे त्यांच्याशी बेटीव्यवहार करीत नसत आणि रोटीव्यवहारही टाळीत. पुढे या समाजातील पुष्कळ कुटुंबे इस्राएलमध्ये स्थायिक झाल्यावर 1962 मध्ये तेथील मुख्य रब्बी परिषदेने बेने इस्रायलांच्या विवाहांपूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश दिले, तेव्हा वंशशुद्धीचा तोच प्रश्न गोरे-काळे हा भेद न करता सर्वांपुढे उभा राहिला. तीव्र आंदोलनानंतर 1964 मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. एका समाजाची ही कथा त्याच्यापुरती नाही. जन्माची उतरंड रचणारा प्रत्येक समाज आपल्या खालच्या पायरीकडे पाहतो आणि वरच्या पायरीवर कोणी उभा आहे याचा त्याला विसर पडतो.

हग्गादेचे वाचन हलाखीच्या भाकरीकडे बोट दाखवून सुरू होते आणि लगेच, जो भुकेला असेल त्याने येऊन जेवावे, असे आमंत्रण देते. धर्मविधीची भाषा मुख्यतः हिब्रू असूनही हे आमंत्रण अरामीत, म्हणजे त्या काळच्या बोलीत, ठेवले आहे, आणि ज्याला बोलवायचे त्याला ते कळावे, हे त्याचे परंपरेने सांगितलेले कारण आहे. अहंकार गेला की नाही याची परीक्षा ध्यानात किंवा तत्त्वचर्चेत होत नाही. ती पंगतीत होते: शेजारच्या पाटावर कोणाला बसवले, कोणाला दूर ठेवले आणि बोलावणे कोणाला कळेल अशा भाषेत केले, यावरून. पंक्तिभेद ठेवून खाल्लेली बेखमीर भाकर पिठाने सपाट असली, तरी खाणाऱ्यात खमीर शिल्लक असल्याचेच दाखवते.